न उघडणारी फाईल आणि परत आलेले ताके

कापडाच्या धंद्यात माल परत येणे ही काही नवलाची गोष्ट नाही. कधी डाग निघतो, कधी पन्ना कमी भरतो, कधी भाव उतरला म्हणून पार्टी उगीचच खोट काढते. अशा तकरारी आम्ही तीस वर्षे ऐकत आलो आहोत. पण विणकाम चोख, भाव ठरलेला, माल वेळेवर पोहोचलेला आणि तरीही ट्रक भरून ताके परत यावेत, कारण विचारता उत्तर मिळावे की “शेठ, तुम्ही आमची फाईल उघडलीच नाही”, हा अनुभव मात्र आम्हाला पन्नाशी उलटल्यावर आला. त्याबद्दल चार शब्द लिहावेत असे वाटले. आमच्यासारखे आणखी बरेच व्यापारी बांधव आज ना उद्या याच खड्ड्यात पाय टाकणार आहेत, आणि काहींनी टाकलाही असेल, पण लाजेखातर बोलत नसतील.

हकीकत अशी. मुंबईच्या एका पार्टीने ग्रे कापडाची ऑर्डर दिली. पहिला मेल त्यांच्या मॅनेजरच्या फोनवरून आला, सोबतची पीडीएफ फाईल झटकन उघडली. पीक ४८, पन्ना, काउंट सर्व स्पष्ट. तीन दिवसांनी, गुरुवारी संध्याकाळी, दुसरा मेल आला. तो त्यांच्या ऑफिसातल्या संगणकावरून पाठवलेला. मजकूर एका ओळीचा: सुधारित शीट सोबत जोडली आहे, त्याप्रमाणे करावे. आणि सोबत जी फाईल होती तिचे नाव ‘विनमेल डॉट डॅट’. आमच्या मुलाने दोनदा दाबून पाहिली, उघडली नाही. तो म्हणाला, “अब्बा, हा व्हायरस दिसतो, हात लावायला नको. उद्या बघू.” उद्या म्हणजे शुक्रवार. मालेगावात शुक्रवारी माग बंद, पेढीही बंद. शनिवारी सकाळी बीम चढले आणि माग चालू झाले. ती फाईल तशीच राहिली. आम्हीही विचारले नाही.

त्या फाईलमध्ये पीक ४८ चे ५२ केलेले होते.

६२ ताके गेले आणि ६२ ताके परत आले. कापड वाईट नव्हते, पण त्यांना हवे होते त्यापेक्षा विरळ होते. शेवटी तेच कापड दुसऱ्या गिऱ्हाइकाला मीटरमागे ४ रुपये तोडून दिले. शंभर मीटरचा ताका धरला तर २४,८०० रुपये तिथेच गेले. ट्रकचे जाण्यायेण्याचे भाडे वेगळे. माग चालवणाऱ्या कारीगराला मजुरी अर्थातच पूर्ण दिली. त्याला जे सांगितले ते त्याने विणले. पण त्याने आम्हाला जे विचारले ते अजून कानात आहे: “सेठ, कागद आया था तो पढा क्यूं नहीं?” त्याला कागद आणि फाईल यांतला फरक माहीत नाही. खरे पाहता फरक आहे तरी काय?

आता दोष कोणाचा? पार्टीचे म्हणणे, मेल गेला, परत आला नाही, म्हणजे पोहोचला. आमचे म्हणणे, जी फाईल उघडतच नाही ती पाठवली काय आणि न पाठवली काय. आम्ही एका जाणत्या वकील साहेबांना विचारले. त्यांनी २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे १३ वे कलम दाखवले. आपण एखाद्या पार्टीला आपला मेल पत्ता मुद्दाम नेमून दिला असेल, तर त्या पत्त्याच्या यंत्रणेत मेल शिरला की तो मिळाला असे धरले जाते. दोघांनी आपसात वेगळे काही ठरवले असेल तर गोष्ट निराळी. आपण तो कधी वाचला, वाचला की नाही, याची तिथे गणती नाही. न उघडणारी फाईल मिळाली असे धरावे की नाही यावर वकील लोक तासभर वाद घालू शकतील, पण ६२ ताक्यांसाठी कोर्टात जाणारा व्यापारी आम्ही तरी पाहिला नाही. आणि एक गोष्ट आम्हाला आमच्या मनाशी कबूल करावी लागली. मेलची ती एक ओळ आम्ही वाचली होती. ‘सुधारित शीट’ हे दोन शब्द समोर होते. फाईल उघडली नाही हा त्यांचा दोष असेल, पण फोन उचलून विचारले नाही हा आमचा.

तरीसुद्धा आमचे मत असे आहे, आणि ते आम्ही ठासून सांगतो, की पहिली जबाबदारी पाठवणाऱ्याची. गाठ बांधताना आपण काय करतो? वर मार्का घालतो, नंबर घालतो, पाणी लागू नये म्हणून आत कागद घालतो. गाठ पोहोचल्यावर पलीकडच्याला ती सोडता येईल याची काळजी बांधणारा घेतो. फाईल ही गाठच आहे. स्वतःच्या संगणकावर उघडली म्हणजे जगात सगळीकडे उघडेल असे समजणे म्हणजे आपल्या गोदामाचे कुलूप दुसऱ्याच्या दाराला लावून किल्ली खिशात घेऊन जाणे.

त्या विनमेलचे गूढ पुढे आमच्या भाच्याने उकलले. तो नाशिकला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरीस आहे. त्याने सांगितले, “मामू, तो व्हायरस नव्हता.” मायक्रोसॉफ्टचा आउटलुक नावाचा जो मेलचा प्रोग्राम आहे, त्यात पत्र लिहिण्याचे तीन प्रकार आहेत. त्यांपैकी ‘रिच टेक्स्ट’ प्रकारात लिहिले तर आउटलुक अक्षरांची सजावट आणि सोबतच्या फाईली एका गाठोड्यात बांधून पाठवते. पलीकडेही आउटलुक असेल तर गाठोडे आपोआप सुटते, नसेल तर विनमेल डॉट डॅट या नावाने तसेच पडून राहते. आतली पीडीएफ शाबूत असते, पण दिसत नाही. इलाज पाठवणाऱ्याच्या हातात आहे आणि दोन मिनिटांचा आहे: आउटलुकच्या ऑप्शन्समध्ये मेल या सदरात जाऊन पत्राचा प्रकार ‘एचटीएमएल’ करावा, आणि बाहेरच्यांना जाणारे रिच टेक्स्ट पत्र एचटीएमएल करूनच जावे असेही तिथेच नेमावे. घेणाऱ्याने फक्त एवढेच कळवावे, “तुमची फाईल विनमेल होऊन आली, पीडीएफ पुन्हा पाठवा, पत्राचा प्रकार बदलून पाठवा.” ज्यांच्या ऑफिसात संगणकवाला माणूस असतो त्याला एवढे वाक्य पुरते. आम्ही हे वाक्य आता पेढीच्या भिंतीवर लिहून ठेवले आहे.

पण प्रत्येक न उघडणारी फाईल विनमेल नसते. या एका प्रकरणानंतर आम्ही हात धुऊन याच्या मागे लागलो. घरातली मुले हसत होती. जे समजले ते असे, की ‘उघडत नाही’ या दोन शब्दांत चार-पाच निरनिराळी दुखणी लपलेली असतात, आणि आपण सगळ्यांवर एकच औषध करतो: पुन्हा पुन्हा दाबणे.

पहिली गोष्ट, प्रिव्ह्यू आणि उघडणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. मेलमध्ये फाईलवर बोट ठेवले की जी झलक दिसते ती दुकानाबाहेर टांगलेल्या नमुन्यासारखी. झलक दिसली नाही म्हणजे माल खराब, असा अर्थ होत नाही. अशा वेळी फाईल आधी उतरवून घ्यावी आणि मग तिच्या प्रोग्राममध्ये उघडून पाहावी. निम्मी कामे एवढ्यानेच होतात. विंडोजच्या संगणकावर तर १४ ऑक्टोबर २०२५ पासूनच्या सुधारणांनी एक नवी अडचण आली आहे. इंटरनेटवरून आलेल्या फाईलवर विंडोज एक न दिसणारा शिक्का मारते, आणि असा शिक्का असलेल्या फाईलची झलक फोल्डरच्या खिडकीत दाखवणे तिने बंद केले आहे. ही फाईल संगणकाला अपाय करू शकेल, असा इशारा तिथे येतो. आमच्या मुनीमजींनी तो वाचून सगळी बिले धोक्याची ठरवली आणि दोन दिवस कामच थांबवले. वास्तविक फाईल नेहमीसारखी उघडली तर उघडते. झलकच हवी असेल, आणि फाईल ओळखीच्या माणसाची असल्याची खात्री असेल, तर तिच्यावर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’ची खूण करावी. अनोळखी फाईलवरचा हा शिक्का मात्र काढू नये, तो आपल्याच भल्यासाठी आहे.

दुसरे, उतरलेली फाईल पूर्ण उतरली आहे का? मेलमध्ये ती २ एमबी दाखवते आणि आपल्याकडे १२ केबी, तर ती अर्ध्या रस्त्यात बंद पडलेली गाडी आहे. वीज गेली, नेट तुटले, फोनमधली जागा संपली, काहीही झाले असेल. जागा करून ती पुन्हा उतरवावी. वजनकाट्यावर गाठ चढवल्याशिवाय आपण पावतीवर सही करत नाही, फाईलचे वजन मात्र कोणी पाहत नाही.

तिसरी गोष्ट फाईलच्या जातीची. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. डोळ्यांना उजवीकडून वाचण्याची सवय आहे, आणि या एका कामात ती सवय आम्हाला फार उपयोगी पडली. फाईलच्या नावात डावीकडे कोणी काहीही लिहो, तिची खरी जात उजव्या टोकाला, शेवटच्या टिंबाच्या पुढे असते. पीडीएफ असेल तर दस्तऐवज, जेपीजी असेल तर चित्र, सीडीआर असेल तर कोरल ड्रॉची डिझाइन, ईएक्सई असेल तर प्रोग्राम, आणि प्रोग्राम मेलमधून कधीही उघडावयाचा नसतो. विंडोज ही शेवटची अक्षरे मुळात लपवून ठेवते. फोल्डरच्या व्ह्यू या यादीत जाऊन ती दिसतील असे करून घ्यावे. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ नावाचा विषाणू फिलिपाइन्समधून निघून जगभर पसरला तो याच आंधळेपणामुळे. त्याच्या फाईलच्या नावात टीएक्सटी दिसत होते, म्हणजे साधे पत्र, आणि त्याच्याही पुढे व्हीबीएस ही अक्षरे लपलेली होती, म्हणजे चालणारा प्रोग्राम. आजही ‘इन्व्हॉइस डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ अशा नावाच्या फाईली येतात. याहून एक लबाडी आहे. उर्दू-अरबी लिहिण्यासाठी संगणकात ओळ उजवीकडून वळवणारे एक न दिसणारे चिन्ह असते. ठग ते चिन्ह नावाच्या मध्ये घालतात, मग शेवटची अक्षरे उलटी होऊन ईएक्सई मधे जाते आणि टोकाला पीडीएफ दिसते. आमच्या लिपीच्या सोयीचा असा गैरवापर पाहून वाईट वाटले. तेव्हा उजवे टोक पाहावेच, पण नाव वेडेवाकडे वाटले तर फोल्डरमध्ये फाईलचा प्रकार लिहिलेला असतो तोही पाहावा. तिथे ‘ॲप्लिकेशन’ लिहिले असेल तर ती फाईल पुसून टाकावी.

आता आपल्या धंद्यातल्या खास फाईली. साडीची किनार, लेबल, कार्टनचा छापा यांची डिझाइन कोरल ड्रॉमध्ये होते. आमच्याकडच्या डिझाइनवाल्याकडे जुनी आवृत्ती, सुरतच्या पार्टीकडे नवी. नव्या आवृत्तीत जतन केलेली फाईल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, मग ‘तुमची फाईल खराब आहे’ आणि ‘तुमचा संगणक खराब आहे’ असा झगडा सुरू. दोन्ही खोटे. पाठवणाऱ्याने जतन करताना पलीकडची आवृत्ती निवडावी आणि अक्षरे ‘कर्व्ह’ करून पाठवावीत, म्हणजे फॉन्ट नसला तरी अक्षर बिघडत नाही. बरोबर एक पीडीएफ जोडावी, ज्यात नुसते पाहता येईल.

फॉन्टचे दुखणे तर आपल्या वाचकांना दुप्पट, कारण आपल्याला दोन लिप्या सांभाळाव्या लागतात. जुन्या पद्धतीच्या श्री-लिपीत टाइप केलेले मराठी पत्र ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याच्याकडे इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडते. इनपेजमध्ये बनवलेले उर्दू लेटरहेड तर इनपेज नसलेल्याकडे उघडतच नाही. आमच्या भाचीच्या निकाहाची पत्रिका छापखान्याने तपासणीसाठी इनपेजच्या फाईलमध्येच पाठवली. घरात कोणालाही ती उघडता आली नाही. सगळ्यांनी “ठीक है” म्हणून टाकले आणि वलीमाची तारीख चुकीची छापून आली. लग्नाचे घर म्हणून सगळे हसले. तीच चूक बिलाच्या तारखेत झाली असती तर कोणी हसले नसते. छापखानेवाल्यांना आमची विनंती आहे, तपासणीसाठी नेहमी पीडीएफच पाठवा, तिच्यात अक्षरे सोबत बांधून जातात.

जकार्ड विणणाऱ्या भावांसाठी एक वेगळी सूचना. इलेक्ट्रॉनिक जकार्डचा ग्राफ बीएमपी फाईलमध्ये असतो आणि त्यातला प्रत्येक रंग म्हणजे एक वेगळी विणावट. तीच फाईल लहान व्हावी म्हणून कोणी जेपीजी करून किंवा व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली तर ती उघडते, डोळ्यांना छानही दिसते, पण कडेच्या रंगांत शेकडो नवे रंग मिसळलेले असतात आणि मशीनला काय विणावे ते कळत नाही. न उघडणाऱ्या फाईलपेक्षा ही उघडणारी फाईल जास्त नुकसान करते. ग्राफ पाठवायचा तर मूळ फाईल झिप करून पाठवावी, व्हॉट्सॲपवर पाठवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा.

नमुन्याचे फोटो आयफोनवरून येतात त्यांचेही असेच. २०१७ पासून आयफोन फोटो ‘एचईआयसी’ या प्रकारात साठवतो. तो फोटो मेलने जसाच्या तसा आला तर पुष्कळ विंडोज संगणकांवर उघडत नाही. पार्टीला सांगावे, सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स आणि तिथे ‘मोस्ट कंपॅटिबल’ निवडा. यापुढचे फोटो जेपीजीत येतील.

मोठ्या फाईलींबद्दल. जीमेलमध्ये एका मेलसोबत २५ एमबीपर्यंतच जोडता येते, आणि प्रत्यक्षात तेवढेही मावत नाही. कारण १९९२ साली ठरलेल्या पद्धतीप्रमाणे फाईल मेलमधून जाताना तिची अक्षरे केली जातात, त्यात तीनचे चार होतात. म्हणून १८-१९ एमबीच्या पुढे गेले की अडते. त्याहून मोठी फाईल जीमेल आपल्या ड्राइव्हवर ठेवते आणि मेलमध्ये नुसती लिंक जाते. इथे आमच्या लोकांची हमखास चूक होते. लिंक पाठवतात आणि परवानगी द्यायला विसरतात. पलीकडचा दाबतो, त्याला ‘ॲक्सेस मागा’ असे दार दिसते, तो मागतो, इकडे ती मागणी कोणी पाहत नाही. लिंक पाठवली की आपल्याच घरातल्या दुसऱ्या कोणाच्या फोनवर ती उघडून पाहावी, मगच निश्चिंत व्हावे.

बँकेची आणि आयकराची कागदपत्रे उघडत नाहीत तेव्हा ती बहुधा कुलूपबंद असतात, बिघडलेली नसतात. आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणाच्या पीडीएफला पॅन नंबर लहान अक्षरांत आणि त्यापुढे तारीख असे कुलूप असते. भागीदारी पेढीसाठी ही तारीख मालकाच्या जन्माची नव्हे, पॅन कार्डावर असलेली पेढी स्थापनेची. आमच्या शेजारच्या पेढीत चुलत्यापासून पुतण्यापर्यंत सगळ्यांच्या जन्मतारखा घालून झाल्या होत्या. आणि डिजिटल सहीच्या पीडीएफवर पिवळे प्रश्नचिन्ह दिसले म्हणजे कागद खोटाच, असेही नाही. त्या सहीची खातरजमा आपल्या संगणकाने अजून केलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. ती करून घ्यावी, आपल्या सी.ए. साहेबांच्या ऑफिसात कोणीही दाखवेल. जीएसटी पोर्टलवरून उतरवलेली ‘जेसन’ फाईल तर माणसाने वाचण्यासाठी नसतेच, ती हिशेबाच्या प्रोग्रामला खायला घालायची असते. तिच्यावर दुपार घालवू नये.

इथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे कसेही करून प्रत्येक फाईल उघडायचीच. नाही. उलट टोकाची बेफिकिरीही आम्ही पाहिली आहे. फाईल उघडत नाही म्हणून कोणी इंटरनेटवर फुकटात फाईल बदलून देणाऱ्या कुठल्याही अनोळखी ठिकाणी बँकेचे विवरण चढवतो. कोणी एक्सेलच्या फाईलवर ‘मजकूर पाहण्यासाठी मॅक्रो चालू करा’ असे लिहिलेले वाचून निमूटपणे चालू करतो. इंटरनेटवरून आलेल्या फाईलींतले मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून मुळातच बंद ठेवले ते उगीच नाही. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून ‘एपीके’ फाईल येते. ती पत्रिका नव्हे, तुमच्या फोनवर बसणारा प्रोग्राम असतो. आमच्या परिचयाच्या एका व्यापाऱ्याला नेहमीच्या पार्टीच्या नावाने बिल आले. फाईल अगदी छान उघडली, फक्त तळाचा बँक खाते क्रमांक बदललेला होता. त्याने पैसे भरले. खाते बदलल्याचे बिल आले की त्या पार्टीच्या जुन्या, आपल्या वहीतल्या नंबरवर फोन करून विचारावे, बिलावर छापलेल्या नंबरवर नव्हे. पैसे गेलेच तर १९३० या नंबरवर त्याच घटकेला तक्रार द्यावी. तासातासाने पैसा पुढे सरकत असतो.

आता आमच्या मूळ तकरारीकडे येतो. आपल्या पेढ्यांवर मेल कोण बघतो? मुलगा, भाचा, नाहीतर कॉलेजात जाणारा शेजारचा पोरगा. शेठ म्हणतात, “हमारे बस का काम नहीं.” आम्हीही हेच म्हणत होतो. चेकवर सही आपण करतो, भाव आपण ठरवतो, उधारी कोणाला द्यावी ते आपण ठरवतो, आणि ऑर्डरचा कागद मात्र अठरा वर्षांच्या मुलाच्या ‘उद्या बघू’वर सोडतो. त्याला पीक ४८ आणि ५२ मधले अंतर किती पैशांचे आहे ते ठाऊक नाही, आणि आपल्याला फाईल ठाऊक नाही. हे अंतर भरून काढण्यासाठी संगणकाचा कोर्स करावा लागत नाही. ‘सोबत जोडले आहे’ हे शब्द मेलमध्ये दिसले, की सोबतचे आपल्या डोळ्यांनी पाहीपर्यंत बीम चढवायचे नाही, एवढा रिवाज पेढीत पाडला तरी पुरे.

आम्ही आणखी एक गोष्ट सुरू केली आहे. ऑर्डर मिळाली की उत्तरात काउंट, रीड, पीक, पन्ना आणि मीटर हे पाच आकडे फाईलमध्ये नव्हे, मेलच्या मजकुरातच लिहून पाठवतो: आम्ही असे वाचले, चूक असेल तर आजच कळवा. मजकूर कोणत्याही फोनवर उघडतो. पार्टीलाही सांगितले की, बाबा, शीट खुशाल जोडा, पण हे पाच आकडे वर लिहा. काहींना हे गावठी वाटले. फॅक्सच्या काळात आम्ही फॅक्स पाठवून वर ट्रंक कॉल करीत होतो, तेव्हाही काहींना गावठी वाटत असे. तो फॅक्सचा कागद सहा महिन्यांत कोरा होई, हा भाग वेगळा.

त्या मुंबईच्या पार्टीशी आमचा व्यवहार तुटला नाही. नुकसानीत त्यांनी ट्रकचे परतीचे भाडे उचलले, ते का याचे कारण त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. परवा त्यांची नवी ऑर्डर आली. पाचही आकडे मजकुरात वरच लिहिलेले होते, खाली फोन नंबरही. आणि सोबत होती विनमेल डॉट डॅट. आम्ही स्वतः फोन लावला.